गंगापूरच्या काकांना, एका केबलबद्दल

काका, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं काका. वाळूजमधल्या आमच्या गल्लीतल्या शेडवाल्यांना कळेलच कोण ते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमचा ऑपरेटर जुन्या व्हीएमसीपुढे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनपुढे, उभा राहून प्रोग्रॅम एकेक बटण दाबत भरत होता. "काय करायलास लेकरा?" तुम्ही विचारलंत. तो लाजला. प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर तयार होता, तो कागदावर छापून आम्ही पुन्हा मशीनवर टाइप करायचो. तीनशे ओळींना अर्धी शिफ्ट जायची. त्यात एक्स ५० नंतरचं टिंब राहिलं की मशीनचं फॅनक झिरो-एम कंट्रोल ते ५० मिलीमीटर नाही, ०.०५ मिलीमीटर धरतं. असा एक जॉब भंगारात घातलाय आम्ही.

कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम थेट मशीनमध्ये धाडणारी केबल नव्हती असं नाही. एकाकडून करून आणली होती, ती लावली की ०८६ अलार्म. दुसरा म्हणाला, पोर्ट गेलाय, कार्ड बदला. त्याचा आकडा ऐकून मी मशीनच विकायला निघालो होतो.

तुम्ही कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मशीन बंद, कॉम्प्युटर बंद, मग केबल काढली आणि कनेक्टरचं टोपण उघडलंत. "०८६ म्हणजे मशीनला समोरचा तयार आहे हा इशारा मिळत नाही. समोरच्यानं द्यायचा नसेल तर आपलाच आपल्याला द्यायचा." मशीनच्या २५ पिनांच्या बाजूला ६, ८ आणि २० एकत्र, ४ आणि ५ एकत्र. सोल्डरचे पाच ठिपके. अलार्म गेला.

पण प्रोग्रॅम काही येईना. स्क्रीनच्या कोपऱ्यात एलएसके, म्हणजे 'प्रोग्रॅमच्या सुरुवातीची वाट बघतोय', नुसतं लुकलुकत राहिलं. मला वाटलं, झालं, पोर्ट गेलाच.

तुम्ही मीटर मागितला. केबल काढून, दोन्हीकडं सप्लाय चालू ठेवून, ग्राउंड धरून एकेक पिन तपासलीत. "जी मायनस दाखवते ती बोलणारी." मशीनची २ नंबरची मायनस, कॉम्प्युटरच्या ९ पिनांच्या बाजूला ३ नंबरची मायनस. आणि केबलवाल्यानं नेमक्या त्याच दोन एकमेकींना जोडलेल्या! दोघं बोलतायत, ऐकतंय कोणीच नाही. दोन-तीनची अदलाबदल करायची हे त्याला पाठ होतं, पण ९ पिनांच्या कनेक्टरवर ती मुळातच उलटी असते. म्हणून इथं २ ला २, ३ ला ३, आणि कॉम्प्युटरच्या ५ ला मशीनची ७, ती ग्राउंड. इतकी वर्षं या धंद्यात आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्याकडं मेंटेनन्सवाले असलं सांगतच नाहीत, पोट त्यावर आहे त्यांचं.

केबल पुन्हा लावली. दोन्हीकडं एकसारखं सेटिंग: ४८०० बॉड (पाठवायचा वेग), सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. फाइलीच्या पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह. पोरानं एडिट मोडमध्ये इनपुट दाबलं, मी कॉम्प्युटरवरून पाठवलं, आणि एलएसके जाऊन तिथं इनपुट आलं. पोरगा ओरडलाच.

डायचा मोठा प्रोग्रॅम मेमरीत मावत नाही म्हटल्यावर तुम्ही हसलात. मेमरी ८० मीटर, म्हणजे कागदी टेपचा हिशोब, जेमतेम ३२ हजार अक्षरं. मग प्रोग्रॅम थोडा थोडा सोडत काम करायचं, तेव्हा एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे मशीननं द्यायचे 'सोड' आणि 'थांब' हे इशारे, चालू हवेच. ते तुम्ही टँकरवर समजावलंत: ड्रम भरत आला की बाई 'बस' म्हणते, जागा झाली की 'सोड' म्हणते, टँकरवाल्यानं ऐकलं नाही तर पाणी गल्लीत. दरवर्षी टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला यापुढं काय सांगायचं! गल्लीत पाणी म्हणजे ०८७ अलार्म, हेही तेव्हाच कळलं.

जाताना मशीनचे सगळे पॅरामीटर, म्हणजे सेटिंगचे आकडे, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावलेत. ते आकडे जपणारी बॅटरी मशीन चालू असतानाच बदल, नाहीतर रडत बसशील, हेही बजावलंत. पैसे विचारले तर चहा मागितलात. आणि मार्करनं सगळ्या पिनांचं चित्र कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला काढून ठेवलंत, वर तारीख घालून.

परवा पोरानं लेथसाठी केबल स्वतः केली. पहिल्या झटक्यात ०८६ आला. त्यानं मला हाक मारली नाही. पलीकडं जाऊन व्हीएमसीचं दार उघडलं.

तुमचा,
वाळूजचा शेडवाला