तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका, स. न.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचा कप पुढे करता आणि विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिते, कारण घरून डीटीपी, म्हणजे छपाईची पानं लावायचं काम, करणाऱ्या आणखी कुणाला तरी याचा उपयोग होईल.

मला कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम लागतात. जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली पेजमेकर आणि श्रीलिपीतल्या, त्या विंडोजवर. युनिकोडमधलं नवं काम उबुंटूवर, स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन सिस्टिम दोन एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) आणि अकरा वर्षांचा डेटा १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क टकटक करायला लागली म्हणून डेटा नव्या डिस्कवर उतरवला, जुनी काढली, तर मशीन सुरूच होईना. विंडोज नाही, उबुंटूही नाही. दिवाळी अंक छपाईला जायला नऊ दिवस. ज्याने मशीन जोडलं होतं तो फोनवर म्हणाला, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ त्या रात्री मला घास गेला नाही.

तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, ‘बॅकअप कुठे आहे?’ नव्या डिस्कवरच्या पाच-सहा फाइली तुमच्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्यात, त्याची आणखी एक प्रत काढलीत, तोवर स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाहीत. मग जुनी डिस्क पुन्हा जोडून मला दाखवलंत: दोन्ही सिस्टिम सुरू करणारं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक छोटा राखीव भाग, त्याच टकटकणाऱ्या डिस्कवर होतं! इन्स्टॉल करताना सगळ्या डिस्क जोडलेल्या होत्या. एकीवर आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं आणि दोन्ही इन्स्टॉलरनी तेच वापरलं.

मग तुम्ही सगळ्या केबली काढल्यात. फक्त विंडोजची एसएसडी जोडलीत, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलंत, डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनाने तिच्यावरच ३०० एमबीचं नवं ईएफआय पार्टिशन तयार केलंत आणि सुरू व्हायच्या फाइली त्यात घालणारी बीसीडीबूटची एक ओळ टाइप केलीत. विंडोज आलं, माझ्या सगळ्या फाँटसकट. मग ती केबल काढून एकट्या उबुंटूच्या एसएसडीवर उबुंटू नव्याने टाकलंत. डेटाची डिस्क सगळ्यात शेवटी.

उबुंटूच्या ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम निवडायच्या यादीत, विंडोज आणून द्या, असा मी हट्ट धरला. तुम्ही नको म्हणालात: ‘सुरू करताना एफ१२ दाब आणि निवड. एक डिस्क गेली तरी दुसरी चालू राहील.’ तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं.

बारीकसारीकही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलंत, कारण ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही आणि उबुंटूत डेटाची डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर काही सेव्ह होत नाही. उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडायचं, तेही लावून दिलंत.

प्रत्येक केबलला तुम्ही कागदाची पट्टी चिकटवलीत, बॉलपेनने ‘विंडोज’, ‘उबुंटू’, ‘डेटा’ असं लिहून. परवा धूळ काढायला कॅबिनेट उघडलं तेव्हा त्या पट्ट्या बघून हात जराही थरथरला नाही.

अंक वेळेत छापून आला. ऋणनिर्देशात नाव घालू दिलं नाहीत, म्हणून ‘तिसऱ्या मजल्यावरचे काका’ एवढंच छापलं आहे. दोन प्रती तुमच्या दाराशी ठेवल्या आहेत, एक काकूंची.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची