बुबुळ म्हणजे नेमके काय, हे मुलांना हाताने कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेत्रदान पंधरवडा (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) आला की शाळाशाळांत घोषवाक्ये लिहिली जातात, रांगोळ्या काढल्या जातात. पण दान केलेल्या डोळ्यातला नेमका कोणता भाग दुसऱ्याला बसवतात, हे विचारले की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष नाही. आपल्या बोलण्यातच डोळ्याच्या शब्दांचा गुंता आहे. दहावीच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत मांसल पडदा. 'बुबुळ बदलले', 'बुबुळाचे प्रत्यारोपण' असे आपण म्हणतो, तेव्हा मात्र बदललेले असते ते त्याच्यापुढचे पारदर्शक पारपटल. मोतीबिंदू झाला की 'डोळ्यावर पडदा आला' म्हणतात आणि 'पडदा सरकला' म्हणतात तेव्हा मागचे दृष्टिपटल सुटलेले असते. आकृतीला कितीही नावे द्यायला लावली तरी हा गुंता सुटत नाही. बोकडाचा एक डोळा दोन मुलांच्या हातात दिला, तर दोन तासिकांत सुटतो. म्हणून दहावीच्या प्रत्येक वर्गात हे विच्छेदन व्हावे, आणि शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचे प्रात्यक्षिक म्हणून नव्हे, तर मुलांनी स्वतः करायचा प्रयोग म्हणून व्हावे, अशी आमची विनंती आहे.

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या प्राणिशास्त्रातून प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. त्याचा दाखला देऊन शाळेतही 'नको ते' म्हटले जाते. प्रयोगासाठी प्राणी पकडून मारले जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण मटणाच्या दुकानातल्या मुंडीचा डोळा वापरल्याने एकही बोकड जास्त मरत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची चिठ्ठी मात्र आधी घ्यावी. घरच्या संस्कारामुळे किंवा किळस वाटून ज्याला हात लावायचा नसेल, त्याच्यावर सक्ती नको. त्याने प्लास्टिकच्या मॉडेलवर तेच भाग ओळखावेत. गुण कमी करू नयेत, आणि त्याला भित्रा तर कोणी म्हणूच नये.

अडचण येते ती डोळे मिळवताना. दुकानात मुंडी केस काढण्यासाठी आगीवर भाजतात. त्या आचेने पारपटल शिजून पांढरे होते आणि तो डोळा निरुपयोगी ठरतो. म्हणून आदल्या दिवशीच दुकानदाराला सांगून ठेवावे, की भाजण्याआधी डोळे काढायचे, सुरीचे टोक गोळ्यात घुसू द्यायचे नाही आणि मागे चेतातंतूचा निदान अर्धा सेंटीमीटर देठ ठेवायचा. हा देठ नसला की मुलांना डोळ्याची मागची बाजूच कळत नाही. आणलेले डोळे साध्या पाण्यात टाकू नयेत, त्याने पारपटल फुगून धुरकट होते. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळावेत आणि डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर भिंग गढूळ होते आणि दृष्टिपटलाच्या चिंध्या होतात. नमुने टिकवायला वापरतात ते फॉर्मॅलिनही नको. त्याने सगळे कडक आणि अपारदर्शक होते, शिवाय त्याची वाफ मुलांच्या डोळ्यांना झोंबते. त्याच दिवशीचा डोळा सर्वांत चांगला, फार तर दुसऱ्या दिवशीचा.

एका वेळी २० मुले, १० डोळे आणि जोडून घेतलेल्या दोन तासिका, यापेक्षा मोठा गट एका शिक्षकाला सांभाळत नाही. प्रत्येक जोडीला ताट, टोकदार छोटी कात्री, चिमटा, बारीक टोकाच्या पात्याची मूठवाली सुरी, हातमोजे आणि चष्मा द्यावा. चष्मा हवाच, कारण पहिल्या छेदाला आतला द्रव पिचकारीसारखा उडतो. दाढीचे सुटे पाते देऊ नये.

आधी न कापता नीट बघू द्यावे. भोवतालची चरबी आणि स्नायू कात्रीने थोडे थोडे काढून टाकावेत. बोकडाची बाहुली आडवी, फटीसारखी असते, माणसाची गोल. हा फरक तेव्हाच वहीत उतरवून घ्यावा, नाहीतर मुले तीच आकृती माणसाची म्हणून काढतात.

सगळा प्रयोग बिघडतो तो पहिल्या छेदात. पारपटलाची कड आणि मागचा देठ यांच्या बरोबर मध्यावर, पांढऱ्या चिवट कवचात सुरीच्या टोकाने छोटी चीर द्यायची. डोळा तळहातावर नव्हे, ताटात टेकवून चिमट्याने धरायचा, कारण कवच चिवट असल्याने पाते घसरते. चीर पडली की सुरी खाली ठेवायची आणि कात्री घ्यायची. कात्रीचे खालचे पाते आत २-३ मिलिमीटरच, कवचाला समांतर ठेवून गोल कापत जायचे. घाई करणारा मुलगा कात्री खोल घालतो, भिंग फाटते, काळा रंग सगळीकडे पसरतो आणि पुढे बघण्यासारखे काही उरत नाही. दुसरी चूक म्हणजे डोळा दाबणे. आतला जेलीसारखा द्रव बाहेर येताना दृष्टिपटल ओढून आणतो. पहिल्या जोडीने झाले म्हणून पुढच्या पायरीवर जाऊ नये, सगळ्या ताटांत डोळ्याच्या पुढची आणि मागची अशा दोन वाट्या वेगळ्या होईपर्यंत थांबावे.

मागच्या वाटीत दुधाळ, ओल्या टिश्यू पेपरसारखे पातळ दृष्टिपटल असते. चिमट्याने हळूच ओढले की ते सगळीकडून सुटते आणि एकाच ठिकाणी, जिथून चेतातंतू बाहेर पडतो तिथेच, धरून राहते. हाच अंधबिंदू. इथे जरा थांबून कागदावर ८ सेंटीमीटर अंतराने डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढायला सांगावा. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे बघत कागद साधारण ३० सेंटीमीटरवर आणला की ठिपका दिसेनासा होतो. ताटातली जागा आणि स्वतःच्या डोळ्यातली जागा एकच, हे कळल्यावरचे मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. 'पडदा सरकला' याचा अर्थही तेव्हाच उमगतो. दृष्टिपटलाखाली निळसर-हिरवा चकाकता थर दिसतो. राधानगरीच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात गव्याचे डोळे चमकतात ते अशाच थरामुळे. माणसाच्या डोळ्यात तो नसतो, हे स्पष्ट सांगावे.

पुढच्या वाटीतून भिंग काढताना बोटे आणि चिमटा ओले असावेत, कोरड्या बोटाने ते धुरकट होते. भिंग वर्तमानपत्रावर ठेवले की अक्षरे मोठी दिसतात, खिडकीकडे धरले की बाहेरचे झाड उलटे दिसते. मग तेच भिंग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकावे. आतली प्रथिने गोठून ते पांढरे होते. मोतीबिंदू सहसा उष्णतेने होत नाही, पण तिथेही प्रथिनेच बिघडून भिंग असे अपारदर्शक होते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावरून सोलून काढायची साय नव्हे, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटी बुबुळ चिमट्याने सोडवून घ्यावे. बाहुली ही वस्तू नसून बुबुळातले भोक आहे, हे त्यातून पलीकडे बघितल्यावर पटते. मग पारपटल कापून अक्षरांवर धरावे. कातड्यासारखे चिवट, तरीही काचेसारखे आरपार. माणसाचे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त तिथेच वळतो. नेत्रदानात गरजूला बसवतात ते हे, आणि मृत्यूनंतर शक्यतो ६ तासांच्या आत काढून घ्यावे लागते तेही हेच. फ्रिजबाहेर राहिलेला डोळा कसा धुरकट होतो हे मुलांनी पाहिलेले असते, त्यामुळे घाई कशासाठी ते ती विचारत नाहीत.

उरलेले अवशेष दुहेरी पिशवीत बांधून दुकानदाराकडेच परत द्यावेत, शाळेमागे टाकले तर कुत्री उकरतात. पाती मोजून घ्यावीत आणि मोजूनच जाड बाटलीत बंद करावीत. हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नये.

राहिला वेळेचा प्रश्न. पंधरवडा बहुतेक वेळा श्रावणात नाहीतर गणपतीत येतो, तेव्हा दुकानात माल कमी असतो. आषाढात त्र्यंबोली देवीला पंचगंगेचे नवे पाणी वाहिले जाते, घरोघरी मटणाचा आखाड असतो आणि कोल्हापुरात मुंड्यांना तोटा नसतो. शाळा सुरू होऊन तेव्हा काही आठवडे झालेले असतात. शाळांनी विच्छेदन त्याच आठवड्यांत घ्यावे आणि पंधरवड्यातल्या घोषवाक्यांचे काम त्याच मुलांकडे द्यावे.

– काही विज्ञान शिक्षक, कोल्हापूर