ओ दिली नाही म्हणजे झोपलाच असं नाही

प्रिय सोहम,

परवा फोनवर तू म्हणालास की आमचं कॉम्प्युटर मॉडेल आता ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची रेघ, बघून भूल दिलेला पेशंट शुद्धीत आहे का नाही ते सांगतं, आणि तेवढ्यात मला ओटीतून बोलावणं आलं म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, पण डोक्यात तेच घोळतंय म्हणून सविस्तर लिहितेय. तुझं काम मला मनापासून आवडलंय, म्हणूनच सांगते, तुम्ही मॉडेलला उत्तर म्हणून जे शिकवताय ते कुठून आलंय हे आधी बघ. तुमच्या डेटात जिथे 'बेशुद्ध' लिहिलंय ते बहुतेक बीआयएसच्या आकड्यावरून नाहीतर पेशंटने हाकेला ओ दिली नाही यावरून लिहिलेलं असणार. आणि ओ न देणं वेगळं, आत कोणीच जागं नसणं वेगळं.

बीआयएस, भूल किती गाढ आहे ते ईईजीवरून सांगणारं मशीन, तुला माहितीये, कपाळावर पट्टी चिकटवायची, मशीन 0 ते 100 मधला आकडा दाखवतं, आकडा कमी म्हणजे झोप गाढ, आणि आम्ही भूल देणारे तो 40 ते 60 च्या मधे ठेवतो. अमेरिकेत त्याला 1996 ला परवानगी मिळाली. पण कपाळाच्या स्नायूंची वीजही त्याच पट्टीत येते ना. ऑस्ट्रेलियात 10 जणांनी स्वतःवर प्रयोग करून घेतला, भूल अजिबात नाही, फक्त स्नायू ढिले करणारं औषध (रिलॅक्संट), म्हणजे माणूस टक्क जागा पण बोटही हलवता येत नाही. 2015 ला तो पेपर आला. बीआयएस 60 च्या खाली गेला! पूर्ण शुद्धीतल्या माणसाला मशीन झोपलाय म्हणत होतं. आणि ज्याला रिलॅक्संट दिलंय त्याच पेशंटची तर आपल्याला सगळ्यात जास्त काळजी असते, कारण तो जागा झाला तरी सांगणार कसा.

यावर टनस्टॉल नावाच्या डॉक्टरांनी 1977 ला साधी युक्ती काढली होती. रिलॅक्संट द्यायच्या आधी एका दंडावर बीपीचा कफ फुगवायचा म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही, आणि मग पेशंटला सांगायचं, ऐकू येतंय का, माझा हात दाबा. 2017 ला बऱ्याच हॉस्पिटलनी मिळून हे 260 जणांवर केलं तर घशात ट्यूब घातल्यावर 12 जणांनी सांगितल्याप्रमाणे हात दाबला. आता ब्रिटन आणि आयर्लंडचा 2014 चा मोठा अहवाल बघ, तिथे ऑपरेशनमधे आपण जागे होतो अशी नंतर आपणहून तक्रार करणारे साधारण 19,000 मागे 1, आणि सिझेरियनला पूर्ण भूल दिली तर 670 मागे 1. आकड्यांत एवढा फरक का, तर नंतर आठवणं आणि त्या क्षणी जागं असणं या दोन गोष्टी आहेत. तुमचं मॉडेल यातलं काय मोजतं हे टीमला विचार.

मी स्वतः आकड्यापेक्षा त्याच्या खालची ईईजीची रेघ बघते. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचं ते दुधासारखं इंजेक्शन सोडलं की आधी रेघ बारीक आणि घाईची होते, मग एकेक मोठी संथ लाट यायला लागते आणि तिच्यावर सेकंदाला दहाएकचे कंप स्वार झालेले दिसतात. जागेपणी डोळे मिटले की ही दहाएक कंपांची लहर, अल्फा, डोक्याच्या मागच्या बाजूला असते, प्रोपोफॉलवर ती कपाळाकडे येते, बोस्टनच्या पर्डन आणि ब्राऊन यांच्या टीमने 2013 ला हे छान दाखवलंय. म्हाताऱ्या माणसांत ही अल्फा क्षीण असते. मागे खुब्याच्या फ्रॅक्चरच्या एक आजी होत्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू म्हणून पाठीत इंजेक्शन देता येईना, पूर्ण भूल द्यावी लागली, अगदी थोडा भुलीचा गॅस आणि रेघ एकदम सपाट, मग लाटांचा एक झुबका, परत सपाट. याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात, भूल गरजेपेक्षा जास्त गाढ झाल्याची खूण. मी लगेच गॅस कमी केला. तेवढाच गॅस पंचविशीतल्या पोराला कमी पडला असता, म्हणून डेटात कुठल्या वयाची माणसं आहेत हे बघच.

आणि केटामाइन, भुलीचंच दुसरं औषध. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात अजून सर्रास वापरतात आणि चांगलं औषध आहे ते. पेशंट ओ देत नाही, चिरा घेतला तरी हलत नाही, पण ईईजी वेगवान राहतो, बीआयएस उलट वर जातो. मिलानच्या मासिमिनींच्या टीमची पद्धत मला यासाठीच पटते, ते नुसती रेघ बघत बसत नाहीत, चुंबकाने मेंदूला एक टिचकी मारतात आणि प्रतिसाद किती गुंतागुंतीचा येतो ते मोजतात, कॉम्प्युटरवर फाइल झिप करतोस ना तसं, जेवढी कमी दाबली जाईल तेवढा प्रतिसाद समृद्ध. प्रोपोफॉलमधे प्रतिसाद साधासुधा होतो आणि उठल्यावर माणूस म्हणतो काहीच आठवत नाही. केटामाइनमधे तो जागेपणीसारखाच राहिला, आणि उठल्यावर लोकांनी मोठमोठी स्वप्नं सांगितली. आता तुमच्या डेटात या लोकांपुढे काय लिहिणार तू, बेशुद्ध? मला नाही पटत.

ईईजी नको असं माझं म्हणणं नाही हं. 2011 ला साधारण 6,000 पेशंटवर बघितलं तर पेशंट मधेच जागा होणं टाळायला बीआयएस हा श्वासातला गॅस मोजणाऱ्या अलार्मपेक्षा सरस ठरला नाही, पण ते गॅस वापरला तर. सगळी भूल शिरेतून चालू असेल, वर रिलॅक्संट दिलेलं असेल, तर बाहेर येणाऱ्या श्वासातून मोजायला काही नसतं, तेव्हा मी पट्टी लावल्याशिवाय केस सुरूच करत नाही. अशाच केसमधे तुमचं मॉडेल खरं उपयोगी पडेल.

तर तुमच्या पेशंटमधे रिलॅक्संट किती जणांना दिलं होतं, सत्तरीच्या पुढचे किती आणि केटामाइनवाले किती, एवढं काढून रविवारी मला फोन कर. मी त्या दिवशी ड्युटीवर नाहीये, निवांत बोलू.

तुझी आई