नवीन म्युझिक सर्व्हर घेण्याआधी माझ्या नोंदी परत हव्यात

सांगली
दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ६ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर म्युझिक सर्व्हरमध्ये झालेले बिघाड आणि दुरुस्तीऐवजी नवीन मॉडेल घेण्याचा होणारा आग्रह

महोदय,

२०१६ च्या दिवाळी पाडव्याला मी तुमचा म्युझिक सर्व्हर, म्हणजे रेकॉर्डिंगे साठवून वाजवणारे मशीन, घेतला. नऊ वर्षांत एकदाच ॲडाप्टर जळाला, तोही विजेच्या लपंडावाने. एरवी मशीनने मला कधी त्रास दिला नाही आणि ओळखीच्या चार घरांत मी त्याची शिफारसही केली. माझी तक्रार आहे ती ६ ऑक्टोबरला आपोआप आलेल्या अपडेटची आणि त्यानंतर तुमच्याकडून मिळालेल्या उत्तरांची.

या सर्व्हरवर काय आहे हे मी तुमच्या प्रतिनिधींना फोनवर सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना ऐकायला सवड नव्हती. म्हणून लिहून कळवते. माझे वडील शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) टेप करत. नव्वद मिनिटांची कॅसेट, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपायची. ते आधीपासूनच बटणावर बोट ठेवून बसलेले असत. झटकन कॅसेट उलटी करायची आणि पुन्हा रेकॉर्डिंग सुरू. तेवढ्या चार-पाच सेकंदांत एखादी तान निसटून जायची, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना त्याची चुटपुट लागायची. प्रत्येक कॅसेटच्या कार्डावर हिरव्या शाईने राग, ताल, बंदिशीचे बोल, तबल्याला कोण, सारंगीला कोण, तारीख. अशा २४० कॅसेटी होत्या. सर्व्हर घेतल्यापासून दोन वर्षे मी त्या संगणकावर उतरवत होते. कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरवायला लागतो, त्यात घाई चालत नाही. एकीकडे टेप वाजायची आणि दुसरीकडे मी कार्डावरची एकेक ओळ सर्व्हरच्या रकान्यांत टाइप करायचे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. कॅसेटींचे कपाट तिथेच होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तर टेपा चिखलाने एकमेकींना चिकटलेल्या आणि कार्डांवर फक्त हिरवट डाग. सर्व्हर माडीवर होता म्हणून वाचला. वडिलांनी लिहिलेले ते सारे आता तुमच्या मशीनशिवाय कुठेही नाही.

आता अपडेटने काय झाले ते. पहिली गोष्ट, दोन ट्रॅकमध्ये आता खंड पडतो. माझ्याकडच्या कितीतरी सीडींवर संथ लयीतला विलंबित ख्याल हा एक ट्रॅक आणि जलद लयीतली द्रुत बंदीश हा दुसरा, पण मैफल अखंड चाललेली असते. गायक विलंबित एकतालातून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तबलजी ठेका सोडून तीनताल धरतो, मागे तानपुरा सुरूच असतो. नेमका तिथेच अपडेटनंतर अर्धा-पाऊण सेकंद आवाज तुटतो. तानपुरा कापला जातो आणि द्रुतची पहिली मात्रा दचकल्यासारखी येते. तुमच्या प्रतिनिधींच्या मते 'गाण्यांमध्ये थोडा गॅप नॉर्मल आहे'. सिनेमाच्या गाण्यांत असेल. इथे ते एकच गाणे आहे, आणि नऊ वर्षे याच मशीनवर ते अखंड वाजत होते. वडिलांनी कॅसेट उलटताना पडलेला खंड मला अजून ऐकू येतो आणि तो मला हवा आहे. तुम्ही पाडलेला हा खंड मला नको आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. राग, ताल, प्रहर, साथसंगत हे रकाने स्क्रीनवर दिसतात, पण त्यांत शोधले तर काहीच सापडत नाही. माझ्याकडे मुली गाणे शिकायला येतात. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो, पूरिया गंधार-निषाद धरून मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रमतो आणि सोहनी वरच्या, तार सप्तकाकडे झेपावते. हे फळ्यावर लिहून कळत नाही. तिन्ही राग एकापाठोपाठ ऐकवले की दहा मिनिटांत पोरींच्या गळ्यात उतरू लागते. आधी मी रागाचे नाव टाकले की सगळी रेकॉर्डिंगे समोर यायची. आता ऐन शिकवणीत मला शेकडो अल्बममधून हाताने शोधावे लागते.

आवाजाच्या फाइलींचा बॅकअप माझ्याकडे आहे. नोंदींचा नाही, कारण तुमचे सॉफ्टवेअर त्या फाइलीत न लिहिता स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवते. वास्तविक फ्लॅक हा आवाज साठवण्याचा, २००१ पासून सर्वांना खुला असलेला फॉरमॅट आहे आणि त्याच्या फाइलीतच राग, ताल, घराणे असे हवे ते रकाने लिहिता येतात. मग माझे लिखाण तुमच्या कुलपात का ठेवले? २०१८ मध्ये मी हाच प्रश्न ईमेलने विचारला होता. 'नोंदी बाहेर काढण्याची सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल' असे तुमचे उत्तर आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यानंतर कितीतरी अपडेट आले, ही सोय मात्र आली नाही.

तिसरे म्हणजे, घरच्या संगणकावरून सर्व्हरचे फोल्डर आता उघडतच नाही. जुनी जोडणी सुरक्षित नव्हती म्हणून बंद केली, असे कळले. ते मला मान्य आहे. विंडोजनेही २०१७ पासून ती पद्धत आपोआप चालू ठेवणे थांबवले आहे. पण तिच्या जागी नवी पद्धत द्यायला हवी होती, ती दिली नाही. त्यामुळे ऑक्टोबरपासून बॅकअप घेणेही बंद आहे आणि हार्ड डिस्क नऊ वर्षांची झाली आहे. रात्री घर शांत असताना तिची टिकटिक ऐकू येते. मी सर्व्हिस सेंटरला विचारले, तर या मॉडेलची डिस्क आता मिळत नाही म्हणाले. आत बसवलेली आहे ती लॅपटॉपमध्ये असते तीच अडीच इंची साटा डिस्क. तशी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, सांगलीतल्या दुकानातही मिळते. पण तुमचे सॉफ्टवेअर दुसरी डिस्क स्वीकारत नाही आणि झाकण उघडले तर जबाबदारी आमची नाही, असे बजावून सांगितले.

प्रत्येक फोनचा शेवट मात्र एकाच वाक्याने होतो : 'मॅडम, अपग्रेड करून टाका, एक्स्चेंज ऑफर आहे.'

अपग्रेडला माझी ना नाही. त्यासाठी १ लाख ३५ हजार रुपये मी बाजूला काढून ठेवले आहेत आणि दिवाळीनंतर पुण्याला जाऊन तुमच्या डीलरकडे नवीन मॉडेल दोन तास पाहिलेही. मशीन चांगले आहे. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. देवनागरी अक्षरे स्वच्छ दिसतात. विलंबितातून द्रुत अखंड वाजले तेव्हा तर जवळजवळ पैसे देऊनच परत येणार होते. मग मी माझी रेकॉर्डिंगे नव्या मशीनवर कशी येतील ते विचारले. त्यांनी त्यांच्याकडच्या जुन्या मॉडेलमध्ये माझ्या पेनड्राइव्हवरची सहा रेकॉर्डिंगे चढवली, मी त्यांच्या नोंदी भरल्या आणि त्यांनी ती नव्यात हलवून दाखवली. अल्बम, कलाकार, ट्रॅक, साल एवढेच आले. राग कोरा, ताल कोरा, साथीदार कोरे. सहाच्या सहा रेकॉर्डिंगांत. शोरूममधल्या मुलाने मन लावून तीनदा करून पाहिले, त्याचा काही दोष नाही.

नव्या मॉडेलमध्ये जास्त जागा आणि ३८४ किलोहर्ट्झपर्यंतचा (सेकंदाला आवाजाचे तितके हजार नमुने घेतलेला) आवाज, ही तुमच्या प्रतिनिधींनी दिलेली कारणे मला लागू पडत नाहीत. सीडीच्या प्रतीचे एक मिनिट साधारण १० एमबी घेते, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. माझ्या सगळ्या सीडी आणि कॅसेटी मिळून ४०० जीबीसुद्धा भरत नाहीत आणि डिस्क १ टीबीची आहे. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा. त्यात माणसाच्या कानाला ऐकू येते ते सर्व मावते. रेडिओवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून सर्व्हरवर आलेल्या आवाजात ३८४ किलोहर्ट्झने नवे काही येणार नाही. मशीन बदलायचे तर ते डिस्क म्हातारी झाली म्हणून आणि खंड पडू नये म्हणून. पण नोंदी गमावून नाही.

म्हणून माझी मागणी अशी. ट्रॅकमधला खंड आणि रकान्यांतला शोध पूर्ववत करावा. ते जमत नसेल तर अपडेटच्या आधीची आवृत्ती परत बसवून द्यावी. सर्व नोंदी फ्लॅक फाइलींमध्ये, निदान साध्या तक्त्याच्या फाइलीत, उतरवून द्याव्यात. हे काम तुमच्या तंत्रज्ञाने सांगलीत येऊन माझ्यासमोर करावे. सर्व्हर कुरिअरने पाठवण्याची माझी तयारी नाही, त्याचे कारण वर लिहिले आहे. बाजारातली एसएसडी बसवायला लेखी परवानगी द्यावी, तिचा खर्च मी करीन. आणि एक्स्चेंज ऑफरची ३० नोव्हेंबरची मुदत माझ्यासाठी हे काम होईपर्यंत वाढवावी, कारण उशीर माझ्याकडून झालेला नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. त्यानेही काम न झाल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते.

नोंदी हाती येईपर्यंत तो डबा मी चालू-बंद करणेही कमी केले आहे. मुलींच्या शिकवणीला सध्या मीच गाऊन दाखवते. तंत्रज्ञ कोणत्या दिवशी येणार ते आधी कळवावे, म्हणजे त्या दिवशी घरी थांबेन.

आपली,
सांगलीची एक ग्राहक

सोबत : २०१६ च्या बिलाची प्रत, २०१८ च्या ईमेलची प्रत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या सात तक्रारींचे क्रमांक, खंड पडतो त्या तीन ठिकाणांचे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर.