एमएसचा पेशंट आणि त्याला सांभाळणारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस म्हणतात त्याला. आमच्या खानापूर भागात हे सांगितलं की लोक लकवा समजतात नाहीतर कुठल्यातरी देवाला जाऊन या म्हणतात. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खराब करते आणि मेंदूचा हुकूम हातापायापर्यंत नीट पोचत नाही. बहुतेकांना 20 ते 40 वयातच सुरू होतो, बायकांना जास्त. पूर्ण बरा होत नाही पण औषध लवकर चालू झालं तर अटॅक (म्हणजे हा त्रास मधनंच अचानक उसळणं) कमी होतात, म्हणून एका डोळ्याला अचानक अंधुक दिसायला लागलं किंवा हातपाय बधिर झाले तर घरी बसू नका, न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात अवघड म्हणजे वरनं काय दिसत नाही हो. सकाळी भाकऱ्या थापणारी बाई ऊन चढलं की पाय ओढत चालते, चप्पल रस्त्यात निसटते तरी तिला कळत नाही, मी मागनं उचलून आणतो. आणि शेजारीपाजारी म्हणतात, चांगली तर दिसतीय की! दिव्यांग सर्टिफिकेटला नेलं तेव्हा पण हेच ऐकलं कारण त्या दिवशी तिला जरा बरं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, मग एका दिवसाच्या चालण्यावरनं दिव्यांगत्वाची टक्केवारी कशी काय ठरवता?

सांभाळणाऱ्याचं तर कोण विचारतच नाही. रात्री बाथरूमला उठवायचं, ब्लाउजचे हुक लावायचे, कामावर खाडे पडतात, लग्नकार्याला जाणं बंद. कर्नाटक सरकारनं 2024-25 च्या बजेटमध्ये एमएस, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या पेशंटना सांभाळणाऱ्यांना महिना 1000 रुपये जाहीर केले. हजारात औषधं येत नाहीत, पण सांभाळणाऱ्याची दखल घेतली हे मला खरंच मोठं वाटलं. खेड्यात मात्र हे कुणाला माहीतच नाही आणि जी माहिती येते ती कन्नडमधनं, आमच्या वयस्क लोकांना वाचता येत नाही.

माझी विनंती एवढीच, ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या पुनर्वसन कार्यकर्त्यांनी असल्या घरात स्वतः जावं, या मदतीच्या फॉर्मची माहिती मराठीतनं पण द्यावी, आणि सर्टिफिकेट देताना न्यूरॉलॉजिस्टचे जुने रिपोर्ट बघूनच टक्केवारी ठरवावी.

आपला एक वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव