माणसं कमी होतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘पन्नाशी आली आणि माणसं संपली’ असं तू एका ओळीत लिहून मोकळा झालास. मला ते पटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, इथे तरी वाचावं लागेल.

माणसं कमी होतात हे खरंच आहे. विशीत आपल्याभोवती केवढा गोतावळा होता! त्यातल्या निम्म्यांची नावंही आता आठवत नाहीत. पण ती सगळी उठबस वाया गेली असं समजू नकोस. अमेरिकेत १९७०च्या दशकात काही कॉलेजच्या मुलांनी आपल्या रोजच्या भेटीगाठींची नोंद ठेवली होती, आणि तिशीत पुन्हा एकदा. शेरिल कारमायकेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांना पन्नाशीत गाठलं, कसं चाललंय ते विचारलं आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला. विशीत जे माणसांत जास्त मिसळत होते, ते पन्नाशीत जास्त समाधानी निघाले. तिशीत मात्र किती जणांना भेटलात याला काही महत्त्व उरलं नव्हतं, किती जवळून भेटलात यालाच होतं. म्हणजे तेव्हाचं आपलं रात्र रात्र उंडारणं वयाला धरूनच होतं. आपल्या वडिलांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर!

पुढची गोष्ट आणखी मजेची आहे. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेनसन यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोतावळा का आटतो याचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की गळतात ती बहुतेक लांबची, तोंडओळखीची माणसं. जवळची टिकतात. त्यांचा एक साधा प्रश्न असे : अर्धा तास मोकळा मिळाला तर कुणाला भेटाल? घरच्या जवळच्या माणसाला, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाला, की आवडीनिवडी जुळतील अशा नव्या ओळखीच्या माणसाला? म्हातारी माणसं बहुधा घरच्या माणसाचं नाव घेत, तरुण कुणाचंही. मग तरुणांना सांगितलं, समजा तुम्ही लवकरच एकटे फार लांब राहायला जाणार आहात. लगेच तेही घरच्याच माणसाकडे वळले. उलट म्हाताऱ्यांना सांगितलं, समजा औषधाने तुम्हाला आणखी वीस वर्षं मिळाली. त्यांची घरच्या माणसाची ओढ कमी झाली, ते तरुणांसारखे निवडू लागले! तेव्हा प्रश्न वयाचा नाहीच. हातात वेळ किती उरलाय असं वाटतं, त्यावर माणूस माणसं निवडतो.

आमच्या आईचंच बघ. तिच्या फोनवर आता दोन-तीनच नंबर लागतात. त्यातल्या एका मैत्रिणीशी ती रोज दुपारी बोलते, स्पीकर लावून, फोन उशीवर ठेवून. तीच ती गोष्ट, त्याच भांडखोर वहिनीची. समोरची सांगता सांगता अडली की आई पुढचं वाक्य सांगते. मग पाच मिनिटं दोघी गप्प. मला वाटतं फोन कटला, तेवढ्यात तिकडून ‘हं, मग?’ येतं. तिला कुणी ‘तुमची माणसं संपली का हो’ असं विचारलं तर ती हसेल.

आता तुझ्याकडे येतो. तुझी माणसं कमी झालीत, पण आईने निवडली तशी तू निवडलेली नाहीस. नोकरी, बदल्या, पोरांच्या परीक्षा, ‘पुढच्या महिन्यात बघू’ यात ती एकेक करून सुटली. माझं तुझ्याशी भांडण एवढंच आहे. त्या एकाशी तू बोलणं तोडलंस त्याबद्दल मी कधीच टोकलेलं नाही, आठव. तिथे तू निवड केलीस, आणि योग्य केलीस. कॅरन रूक यांनी १९८४ मध्ये १२० वृद्ध विधवांचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की चांगल्या संबंधांनी जेवढं बरं वाटतं त्यापेक्षा त्रासदायक संबंध मनाला जास्त जाचतात. पण बाकीच्यांचं काय? त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

‘नवीन मित्र करीन’ म्हणतोस. कर. पण जेफ्री हॉल यांच्या अभ्यासाप्रमाणे ओळखीचा माणूस जिवलग मित्र होईपर्यंत दोनशेहून अधिक तास सोबत जावे लागतात, आणि कामापुरते एकत्र काढलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. या वयात ते तास कुठून आणणार? जुन्यांच्या बाबतीत आपण ते कधीच भरून ठेवलेत. ‘इतक्या वर्षांनी फोन केला तर काय म्हणेल’ ही तुझी धास्तीही फोल आहे. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की अशी अचानक विचारपूस समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडते, आणि जितकी अनपेक्षित तितकी जास्त.

स्वेच्छानिवृत्ती घ्यायची म्हणून पत्रात पैशाचं गणित तू मांडलंस, ते बरोबर असेल. माणसांचं मांडलंयस का? लिफ्टमध्ये भेटणारा, रोज तीच कुरकुर करणारा शेजारच्या टेबलावरचा, गेटवरचा पहारेकरी, ही कुणी मित्र नव्हेत. तरी गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना आढळलं की अशा वरवरच्या ओळखीतल्या जास्त लोकांशी बोलणं झालेल्या दिवशी माणसाला एरवीपेक्षा बरं वाटतं. नोकरी सुटली की ही सगळी मंडळी एका दिवसात जातात, आणि निरोप समारंभात त्यांचा उल्लेखही होत नाही. त्यांच्या जागी कोण, हे आधी ठरव, मग राजीनामा दे.

त्याच माणसांच्या आयुष्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा, हार्वर्डचा तो १९३८ पासून चाललेला अभ्यास तुला माहीत असेलच, सगळे त्याचाच दाखला देतात. पन्नाशीत नात्यांत समाधानी असलेले ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवरून तेवढा अंदाज बांधता आला नसता. सुरुवातीला त्यात सगळे पुरुषच होते, हे मला आपल्या दृष्टीने सोयीचं वाटतं. कारण आपण पुरुष हे खातं बायकोच्या नावावर करून मोकळे होतो. वाढदिवस तिने लक्षात ठेवायचे, आजारपणं तिने विचारायची, आपल्याच मित्राच्या बायकोला फोन तिने करायचा. वहिनींना विचार, गेल्या वर्षभरात तू स्वतःहून किती जणांना फोन केलास. त्या खरं सांगतील.

आणि हो, होस्टेलवरच्या आपल्या तिसऱ्या गड्याचा नवा नंबर मला मिळालाय. वेगळा पाठवतो. या वेळी पहिला फोन तू करायचास, मागच्या वेळी मी केला होता. उचलला नाही तर पुन्हा कर, तो पहिल्या रिंगला कधी उचलायचा!

तुझाच,
मी