तुझ्या प्रश्नाचे उत्तर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "बाबा, तुमची ती गाठ मलाही होईल का?" आणि मी काहीतरी बोलून विषय बदलला. ते योग्य झाले नाही.

माझी गाठ ज्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत झाली, ती मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी असते. तिच्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि वंशपरंपरेने येतही नाहीत. घराण्यातून येणाऱ्या गाठी साधारण ५ टक्के मानल्या जातात. इतरांमध्ये बिघाड आयुष्यात केव्हातरी ग्रंथीतल्या एखाद्याच पेशीत होतो. वाढीचे संप्रेरक सोडणाऱ्या गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठींत जीएनएएस या जनुकातले एक अक्षर बदललेले असते, त्यामुळे त्या जनुकापासून बनणारे, कामापुरते चालू होऊन बंद पडायचे प्रथिन बंदच होत नाही आणि पेशीला वाढण्याचा हुकूम मिळत राहतो. असा बदल त्या गाठीपुरताच असतो, मुलांकडे जात नाही. पुष्कळ गाठींचे कारण तर अजून सापडलेलेच नाही.

माझी गाठही वाढीचे संप्रेरक सोडणारी, पण या बहुसंख्यांतली नाही. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी जुने फोटो मागवले होते. तुझ्या आईने ते सालवार टेबलावर मांडले, तेव्हा रोज आरशात पाहूनही मला न दिसलेले सारे समोर आले: रुंदावलेले नाक, पुढे आलेला जबडा, दातांत पडत गेलेल्या फटी. तू माझ्या कडेवर आहेस त्या फोटोवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "सुरुवात इथे असावी." तरुण वय, मोठी गाठ, इंजेक्शनांना दाद न देणारा आजार आणि घरात माझे ते कमालीचे उंच काका, एवढ्यावरून त्यांनी रक्ताची जनुकीय तपासणी सुचवली. मेनिन या प्रथिनाचे जनुक, ज्याच्या दोषाने गळ्यातल्या परावटू ग्रंथींत आणि स्वादुपिंडातही गाठी होतात, ते निर्दोष निघाले. दोष एआयपी जनुकात होता. या जनुकाचा पीयूषिकेच्या गाठींशी असलेला संबंध २००६ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून उघड झाला. लंडनमध्ये १७८३ साली वारलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश 'राक्षसा'च्या दातांतून मिळालेल्या डीएनएमध्येही याच जनुकाचा दोष सापडला, आणि तोच बदल आजच्या उत्तर आयर्लंडमधील काही कुटुंबांत आहे. हाडांची वाढ थांबण्याआधी गाठ झाली की माणूस उंच होत जातो. काकांचे तसेच झाले असावे, पण त्यांची तपासणी राहूनच गेली.

आता तुझ्यापुरते. हा दोष माझ्याकडून तुझ्याकडे येण्याची शक्यता निम्मी आहे. पण दोष असणे म्हणजे गाठ असणे नव्हे. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि चांगली प्रतही निकामी झाल्याशिवाय सहसा गाठ धरत नाही, म्हणून दोष असलेल्यांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या माणसालाच ती होते. तुझ्या आजोबांच्या रक्तात हाच बदल निघाला आणि त्यांना आयुष्यभर काहीही झाले नाही. मला हे माहीत असूनही तुला सांगताना जीभ अडखळली, ती भीतीने नव्हे, संकोचाने.

तपासणी एका रक्ताच्या नमुन्यावर होते. दोष नसेल तर विषय संपला. असला तर ठरावीक काळाने संप्रेरकांची तपासणी आणि सुरुवातीला एक एमआरआय. करायची की नाही, केव्हा, हे तू ठरव. माझा अहवाल सोबत जोडला आहे. जनुकीय समुपदेशकांकडे जाशील तेव्हा तो बरोबर ने. त्यात बदलाची नेमकी जागा लिहिलेली असल्याने प्रयोगशाळेला तेवढीच तपासावी लागेल.

तुझे,
बाबा